खाणीचा गाळ : आधी डंप, मग ओहोळ, मग शेत, शेवटी नदी

(दोडामार्ग, सावंतवाडी व वेंगुर्ला तालुक्यांतील मुंबईस्थित खातेदारांची बैठक चिंचपोकळी येथे झाली. त्या वेळी कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. गावी राहून शेती करणाऱ्या वाचकांनाही तो उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहोत.)

शेतकरी बंधू-भगिनींनो,

चिंचपोकळीत जमलेल्या मंडळींना शेतकरी म्हटल्याचे काहींना नवल वाटेल. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील गिरणीत कामाला म्हणून या भागात आले आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद होत गेले तरी कुटुंबे येथेच राहिली. पण गावच्या सातबाऱ्यावर आपली नावे आहेत. गणपतीला आणि शिमग्याला आपण गावी जातो, कुणगे कोणी तरी भाऊबंद कसतो आणि माडा-पोफळीच्या उत्पन्नात आपला वाटा असतो. म्हणून आजचा विषय आपल्या जमिनीचाच आहे. खाणीची माती नदीत आणि शेतात आली तर ती साफ कशी करायची, कोणत्या क्रमाने करायची आणि त्यात मुंबईत राहणाऱ्या खातेदाराने काय करायचे, एवढेच मी सांगणार आहे.

हा प्रश्न आपल्या दारात कसा आला?

जुलै २०२१ च्या अखेरीस दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी बांध फोडून बाहेर पडले. लाल चिखल भातशेतीत, बागायतीत आणि घरांत शिरला. लावणी नुकतीच आटोपलेली होती. ती बातमी आपण सर्वांनी पाहिली असेल. कळण्याची नदी पुढे गोव्यात उतरते, त्यामुळे वरच्या गावाचा चिखल खालच्या गावाच्या पाण्यात जातो, मग मध्ये राज्याची हद्द असो वा नसो.

आपल्याकडे जे एका रात्रीत घडले, ते शेजारच्या गोव्यात अनेक दशके दर पावसाळ्यात थोडे थोडे घडत आले. तेथील लोहखनिजाची निर्यात पोर्तुगीज अमदानीतच सुरू झाली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत डोंगर फोडले गेले आणि खनिज बार्जमधून मांडवी व जुवारी नद्यांवाटे मुरगाव बंदरात जाऊ लागले. तेथे एक टन खनिज काढताना सुमारे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. २०१०-११ च्या सुमारास निर्यात वर्षाला ५ कोटी टनांच्या घरात गेली होती. या टाकाऊ मातीचे जे डोंगर उभे राहिले, त्यांनाच आपण डंप म्हणतो.

न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव झाले व त्यानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या. हा इतिहास सांगण्याचे कारण एकच. ज्या वर्षांत खाणी बंद होत्या, त्या वर्षांतही डंप जागेवरच होते आणि पाऊस पडतच होता. खाण बंद झाली म्हणजे नदी आपोआप स्वच्छ होते, हा समज मनातून काढून टाकावा. उलट बंद खाणीच्या खड्ड्यात पाणी साठते, चरांकडे कोणी पाहत नाही आणि पंप हलवलेले असतात.

गाळ पाण्यात का टिकतो?

यासाठी एक सोपा प्रयोग करावा. पहिल्या जोरदार पावसानंतर ओहोळाचे गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरून न हलवता ठेवावे. वाळूचे कण काही सेकंदांत तळाला बसतात. त्याहून बारीक, म्हणजे ०.०२ मि.मी. आकाराचा कण १० सें.मी. खाली यायला सुमारे ५ मिनिटे घेतो. पण ०.००२ मि.मी. आकाराच्या चिकणमातीच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला सुमारे ८ तास लागतात. लोहाचे कण थोडे जड असल्याने काहीसे लवकर बसतात, पण हिशेब फार बदलत नाही.

आता खाणीखालच्या गाळाच्या तळ्याचा विचार करा. तळे १ मीटर खोल असेल तर बारीक कण तळाला जायला तीन दिवसांहून अधिक काळ लागेल, तोही पाणी संथ असल्यास. कोकणात जुलै महिन्यात तीन दिवस संथ पाणी कोठून मिळणार? म्हणून नुसते तळे खोदून भागत नाही. तळ्याने जाडा गाळ अडतो, बारीक लाल माती पाण्याबरोबर निघून जाते. घरी आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, त्याच तत्त्वावर खाणीतील पाण्याचे कण एकत्र आणून बसवता येतात आणि उपसलेल्या पाण्यासाठी खाणचालकाने तसे करणे आवश्यक आहे. पण डंपावरून वाहणाऱ्या सगळ्या पावसाच्या पाण्यावर हा उपाय चालणार नाही. तेथे माती सुटूच नये अशी व्यवस्था हवी.

कामाचा क्रम

नदी साफ करायची म्हटले की पहिली मागणी होते ती नदीतील गाळ काढण्याची. यंत्र येते, पात्र खोल होते, फोटो निघतात. वरचा डंप उघडाच असेल तर पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत पात्र पुन्हा भरते आणि पैसा वाया जातो. भरतीच्या पट्ट्यात तर पात्र बेताल खोल केल्यास खारे पाणी पूर्वीपेक्षा वर चढते व गोडी जमीन खारवते. म्हणून काम वरून खाली करत यावे.

१) डंप : डंपाला पायऱ्या पाडाव्यात. प्रत्येक पायरीचा उतार आतल्या बाजूस ठेवून पाणी ठरावीक मार्गाने खाली उतरवावे. पायथ्याशी भक्कम दगडी भिंत व डंपाला वळसा घालणारा चर हवा. डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी डंपावर येऊच न देता बाहेरून काढून द्यावे. उघड्या उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथरून समपातळीत वाळ्याच्या ओळी लावाव्यात. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात व माती धरून ठेवतात. गोव्यात अनेक डंपांवर आकेशियाची लागवड झाली. ते झाड लवकर वाढते, पण त्याखाली गवत कमी येते. म्हणून आधी गवत व द्विदल वनस्पती, मग काजूसारखी झाडे असा क्रम ठेवणे बरे.

२) ओहोळ : डंपापासून नदीपर्यंतच्या लहान ओहोळांवर टप्प्याटप्प्याने दगडी बांध घालावेत. गडगा रचण्याचे काम आपल्या गावांत लोकांना येते, त्याच पद्धतीने सुटे दगड रचून पाणी झिरपू द्यावे व गाळ अडवावा. अडलेला गाळ दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत काढलाच पाहिजे. भरलेला बांध असून नसल्यासारखा असतो.

३) शेत : वरून येणारी माती बरीचशी थांबल्यावर शेत दुरुस्त करण्यात अर्थ आहे. त्याची माहिती पुढे स्वतंत्रपणे देतो.

४) नदी : सर्वात शेवटी पात्रातील गाळ, तोही जेथे प्रवाह अडून शेतात पाणी चढते अशाच ठिकाणी काढावा. काढलेला गाळ काठावर टाकू नये, तो पहिल्या पुरात परत जातो. जुन्या चिरेखाणी किंवा रस्त्याचा भराव यांसाठी, आवश्यक परवानगी घेऊन, तो वापरता येईल. काठावरची झाडी तोडू नये.

गाळाने भरलेले भातशेत

प्रथम थराची जाडी मोजावी. शेतात आठ-दहा ठिकाणी खुरप्याने उभा काप घ्यावा. लाल गाळ आणि खालची जुनी माती यांतील रेषा स्पष्ट दिसते. पट्टी लावून जाडी लिहून ठेवावी. एक गुंठ्यावर १ सें.मी. थर म्हणजे जवळजवळ १ घनमीटर माती, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे १० गुंठ्यांवर १५ सें.मी. थर असेल तर १५० घनमीटर, वजनाने सुमारे २०० टन माती उचलावी लागेल. १० टनांच्या डंपरच्या २० खेपा झाल्या. हे काम एका कुटुंबाच्या बैलजोडीचे किंवा पॉवर टिलरचे नाही. भरपाई मागताना हा आकडा हाताशी असावा.

थर दोन-अडीच सें.मी.पर्यंत असेल तर तो नांगरटीत जुन्या मातीत मिसळून घेता येतो. थर ७-८ सें.मी.च्या पुढे गेला की काढूनच टाकावा. त्यामधल्या जाडीत जमिनीचा उतार, गाळाचा चिकटपणा आणि मजुरीचा खर्च पाहून ठरवावे. काढताना जुनी काळसर माती खरवडली जाऊ नये. पिढ्यान्पिढ्यांचे शेण, पालापाचोळा तिच्यात आहे. ती गेली तर शेत साफ होईल, पण पिकणार नाही.

हा गाळ पिकाला का सोसत नाही, तेही समजून घ्यावे. त्यात सेंद्रिय पदार्थ फार कमी असतात. वाळल्यावर त्याची कडक पापडी होते आणि चिखलणी केली तरी मुळांना हवा मिळत नाही. त्यातील लोहाचे संयुग स्फुरद धरून ठेवते, त्यामुळे घातलेले सुपर फॉस्फेट पिकाला पुरेसे मिळत नाही. शिवाय भातखाचरात पाणी साठले की जमिनीतील हवा संपते आणि लोह विद्राव्य रूपात येते. ते जास्त झाले की खालच्या पानांवर शेंड्याकडून बारीक तपकिरी ठिपके पडतात, पान तांबूस होते, मुळे तपकिरी दिसतात व फुटवे कमी येतात. बरेच शेतकरी हा रोग समजून औषध फवारतात. तो खर्च वाया जातो.

खाचरातील पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर काठीने हलवून पाहावे. तवंगाचे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर तो लोहाचा तवंग आहे. फिरून एकत्र आला तर तेल समजावे.

उपाय पुढीलप्रमाणे करावेत :

- डोंगराच्या पायथ्याशी चर खणून तांबट झिरपा शेताबाहेर काढावा.
- फुटवे येण्याच्या वेळी, पावसाने उघडीप दिली असता, खाचरातील पाणी आठवडाभर काढून टाकावे. जमिनीत हवा गेली की विद्राव्य लोह पुन्हा बसते.
- माती परीक्षण करून आम्लता पाहावी व अहवालाप्रमाणे चुना द्यावा. अंदाजाने चुना टाकू नये.
- चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट द्यावे. कच्चे शेण किंवा ताजा पाला लावणीच्या तोंडावर गाडून पाणी साठवल्यास लोहाचा त्रास वाढतो. गिरिपुष्पाचा पाला घालायचा तर कुजण्यास वेळ मिळेल अशा बेताने घालावा.
- पालाशची मात्रा टाळू नये. अशा जमिनीत पालाश कमी पडले की लोहाचा त्रास अधिक जाणवतो. जस्ताची कमतरता अहवालात दिसल्यास तीही भरून काढावी.
- स्फुरद सर्व शेतात फेकण्याऐवजी रोपांच्या मुळांजवळ पडेल असे द्यावे.

बागायतीत माड-पोफळीच्या बुंध्याशी साठलेला गाळ लवकरात लवकर काढावा. वरची मुळे गुदमरली की झाड लगेच मरत नाही, पण हळूहळू उतरते आणि मग कारण सापडत नाही. विहिरीत गाळाचे पाणी गेले असेल तर उपसा करून पाण्याची तपासणी होईपर्यंत ते पिऊ नये.

जपानच्या भातशेतकऱ्यांनी काय केले?

आपल्यासारखेच भात पिकवणाऱ्या जपानमधील जिंझू नदीचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. वरच्या अंगाला कामिओका ही जस्त-शिशाची खाण होती. तिच्या टाकाऊ मालातील कॅडमियम नदीवाटे भातखाचरांत गेले आणि तांदळातून माणसांत. हाडे ठिसूळ करणाऱ्या त्या वेदनामय आजाराचे कारण खाणीचे कॅडमियम आहे, हे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. लोक न्यायालयात गेले आणि १९७२ मध्ये अपिलातही जिंकले.

त्यानंतर त्यांनी नुसती भरपाई घेतली नाही. खाणीत जाऊन तपासणी करण्याचा हक्क कंपनीकडून लेखी मिळवला. तेव्हापासून गावकरी आणि तज्ज्ञ मिळून दरवर्षी खाणीची पाहणी करत आले आणि तिचा खर्च कंपनीने सोसला. शेतांची दुरुस्ती १९७९ मध्ये सुरू झाली. दूषित माती खाली गाडून किंवा काढून वर स्वच्छ मातीचा थर दिला गेला. सुमारे ८६० हेक्टर जमीन दुरुस्त व्हायला २०१२ साल उजाडले, म्हणजे ३३ वर्षे लागली.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, उगमावर पहारा बसला म्हणून खालची दुरुस्ती टिकली. दुसरी, बिघडायला लागला त्याहून सुधारायला कमी वेळ लागेल अशी आशा धरू नये. आपला गाळ लाल आहे, डोळ्यांना दिसतो. कॅडमियमसारखा तो लपून राहत नाही, एवढी सोय आपल्याला आहे. ब्राझीलमध्ये मात्र लोहखनिजाच्याच गाळाचे धरण नोव्हेंबर २०१५ मध्ये मारियाना शहराजवळ फुटले, १९ माणसे गेली आणि चिखल नदीवाटे शेकडो किलोमीटर दूर समुद्रापर्यंत पोचला. तेव्हा दिसणाऱ्या गाळाकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

मुंबईतील खातेदाराचे काम

आता मूळ मुद्दा. गावी एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात. त्यांतील निम्मी मुंबईत, काही मयत, वारसनोंद झालेली नाही. गाळ आला की कसणारा भाऊ एकटा धावपळ करतो आणि भरपाई वाटताना 'सर्व सहहिस्सेदारांची संमती आणा' म्हटले की प्रकरण अडते. डंपाच्या पायथ्याची जमीन खाणीला द्यावी की नाही हे ठरतानाही हीच नावे लागतात. तेव्हा मुंबईचा खातेदार नुसत्या एका सहीने गावचे पाणी वाचवू शकतो किंवा घालवू शकतो. यासाठी पुढील कामे पावसाळ्यापूर्वी करावीत.

१) वारसनोंदी पूर्ण करून घ्याव्यात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता मुंबईत बसूनही काढता येतो. तो काढून नावे तपासावीत.

२) गावी कसणाऱ्या भाऊबंदास नुकसानीचा अर्ज, पंचनामा व भरपाई यांपुरते लेखी अधिकार द्यावेत. जमीन विकण्याचे किंवा भाड्याने देण्याचे अधिकार त्यात घालू नयेत. कागद वकिलास दाखवून करावा.

३) मे महिन्यात, शेत स्वच्छ असताना, मातीचा नमुना तपासून अहवाल जपून ठेवावा. ठरावीक जागेवरून शेताचे व ओहोळाचे फोटो तारखेसह काढावेत. पूर्वी जमीन कशी होती हे सिद्ध करता आले नाही तर नुकसान सिद्ध होत नाही.

४) गाळ आल्यास तो हलवण्यापूर्वी पंचनामा करून घ्यावा व त्यात थराची जाडी लिहिली आहे का, हे पाहावे. नैसर्गिक आपत्तीच्या मदतनिकषांत अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ काढण्यासाठी मदत मिळते ती थर ३ इंचांपेक्षा जास्त असेल तरच. खाणीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी खाणचालकाची आहे, पण तेथेही जाडीची नोंद लागतेच.

५) नवीन खाण येणार असेल तर पर्यावरणविषयक जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी देणे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बंधनकारक आहे. स्वतः जाता आले नाही तरी लेखी म्हणणे पाठवता येते. डंपाची जागा, चर, गाळाची तळी आणि खाण बंद करण्याचा आराखडा यांबद्दल नेमके प्रश्न विचारावेत.

६) २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणजिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन होते व खाणचालकांना स्वामित्वधनाच्या प्रमाणात त्यात रक्कम भरावी लागते. पिण्याचे पाणी व प्रदूषण नियंत्रण ही त्या निधीची अग्रक्रमाची कामे आहेत. ओहोळावरील बांध व दरवर्षीचा गाळ उपसा ग्रामसभेच्या ठरावाने त्यात मागावा.

सभेतील काही प्रश्न

प्रश्न : शेत दोन-तीन वर्षे पडीक ठेवले तर आपोआप सुधारेल का?

उत्तर : जाड थर असेल तर नाही. गाळ घट्ट होतो, वर रान माजते, मेरा फुटतात. भात शक्य नसेल तर पातळ थराच्या भागात हिरवळीचे पीक घेऊन जमिनीत गाडावे. जमीन कसण्यात आहे हे दिसणे हक्काच्या दृष्टीनेही चांगले.

प्रश्न : खाण आमच्या गावापासून लांब आहे. आम्ही हे सर्व कशाला करावे?

उत्तर : आपल्या ओहोळाचे पाणी कोणत्या डोंगरावरून येते ते आधी पाहावे. अंतर रस्त्याने मोजू नये, पाण्याच्या वाटेने मोजावे. त्या वाटेवर खाण किंवा डंप असेल तर आपण खालच्या अंगाचे गाव आहोत.

प्रश्न : खाणीमुळे गावात रोजगार आला. तो बुडावा असे आम्हास वाटत नाही.

उत्तर : रोजगाराचा प्रश्न खरा आहे आणि तो गावाने ठरवायचा आहे. मी एवढेच म्हणतो की डंपाला पायऱ्या पाडणे, चर काढणे, वाळा लावणे, गाळ उपसणे हाही रोजगारच आहे आणि खाण संपल्यावरही तो अनेक वर्षे चालणारा आहे. त्याची किंमत खनिजाच्या हिशेबात धरली गेली पाहिजे, आपल्या कुणग्यांच्या नाही. गणपतीला गावी जाल तेव्हा बाटलीत ओहोळाचे पाणी भरून ठेवा आणि सकाळी तळाला किती गाळ बसला ते मोजून, तारीख घालून लिहून ठेवा. पाच वर्षांची अशी वही गावाजवळ असली तर पुढच्या सुनावणीत बोलायला तिचाच आधार होईल.